पावसाळ्यात आणलेली 30 पिल्ले : खानापूर तालुक्यातील एका घरचे प्रकरण

हे प्रकरण कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात राहणाऱ्या एका मराठी शेतकरी कुटुंबाचे आहे. मलप्रभा ज्या कणकुंबीत उगम पावते त्या बाजूचा हा मुलूख सह्याद्रीच्या माथ्यालगतचा असल्यामुळे मृगापासून हस्तापर्यंत येथे पावसाला खंड असा फारसा नसतो. भिंती ओल धरतात, सारवलेली जमीन आठवडा-आठवडा वाळत नाही आणि धुतलेले कपडे चुलीवर बांधलेल्या दोरीवर सुकवावे लागतात. अथणी किंवा रायबागकडच्या कोरड्या हवेत जी हयगय पिल्ले सोसतात, तीच हयगय येथे एका रात्रीत त्यांचा जीव घेते, आणि या प्रकरणात जे जे घडले त्यातील बहुतेकांचे मूळ या फरकात आहे.

घराला कोंबड्या नव्या नव्हत्या. सासूबाईंनी आयुष्यभर परड्यात गावठी कोंबड्या सांभाळल्या होत्या. खुडूक कोंबडी ओळखून रवण घालणे, म्हणजे तिच्याखाली अंडी उबवायला ठेवणे, एकविसाव्या दिवशी पिल्ले फुटली की त्यांना कणी टाकणे, संध्याकाळी आईसकट डालग्याखाली झाकणे हे त्यांच्या हातचे काम होते. तरीही या कुटुंबाला मी नवशिकेच म्हणेन, कारण आजवर त्या घरात पिल्ले वाढवली होती ती कोंबडीने, माणसांनी नव्हे. अंगाखाली घेऊन ऊब देणे, दाणा कोणता आणि खडा कोणता हे चोचीने दाखवणे, पाऊस आला की हाक मारून आडोशाला नेणे ही सगळी कामे आई करते आणि घरच्यांच्या वाट्याला घार-मांजर राखणे तेवढे उरते. एका दिवसाची आईविना पिल्ले घरात आली, की ही सगळी कामे एकदम माणसाच्या गळ्यात पडतात आणि त्यांची यादी कोणी आपल्या हातात देत नाही.

पिल्ले आणण्याचा विचार सुनेचा होता. स्त्रीशक्ती संघातून, म्हणजे बायकांच्या बचत गटातून, थोडे कर्ज घेऊन तिने एका उबवणी केंद्रातून गिरिराज जातीची 30 पिल्ले मागवली. बेंगळूरच्या कृषी विद्यापीठाने परसातील पालनासाठी तयार केलेली ही जात गावठी कोंबडीसारखी रंगीत पिसांची असते, बाहेर फिरून चरते, लवकर वजन धरते आणि अंडीही गावठीपेक्षा पुष्कळ अधिक देते, त्यामुळे निवडीत काही वावगे नव्हते. दोन गोष्टी मात्र तिला कोणी सांगितल्या नव्हत्या. पहिली अशी की अशा सुधारित जातींत खुडूक बसण्याची सवय फारशी उरलेली नसते, म्हणजे पुढच्या पिढीसाठी पुन्हा विकतच आणावे लागते किंवा गावठी कोंबडीखाली अंडी ठेवावी लागतात. दुसरी अशी की ही पिल्ले नर-मादी न निवडता मिळतात, त्यामुळे 30 पिल्ले म्हणजे 30 अंडी देणाऱ्या कोंबड्या असा हिशेब कधीच जमत नाही. निम्मे कोंबडेच निघणार असे धरून चालावे.

पहिल्या रात्री

पिल्ले जुलैच्या मध्याला, भर पावसात, संध्याकाळच्या गाडीने आली. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ती सगळी ठणठणीत होती, आणि यात नवल काही नाही. अंड्यातून बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्या शिदोरीवर दोन-अडीच दिवस अन्नपाण्याविना तग धरू शकते. एका दिवसाची पिल्ले दूरच्या गावी पाठवता येतात ती याच कारणाने. शिवाय खोक्यात ती एकमेकांना चिकटून बसलेली असतात, त्यामुळे त्यांची ऊब त्यांच्यातच राहते. खरा धोका खोके उघडून पिल्ले मोकळी सोडली जातात त्या क्षणापासून सुरू होतो.

घरच्यांनी सोप्याच्या कोपऱ्यात एक चौकोनी लाकडी पेटी ठेवली होती. तळाला वर्तमानपत्रे अंथरली होती, वाऱ्यापासून बचाव म्हणून वरून प्लॅस्टिकचा कागद टाकला होता आणि मोबाइलवरच्या एका व्हिडिओत पाहिल्याप्रमाणे तारेने एक बल्ब पेटीत सोडला होता. सासूबाईंनी पेटीत हात घालून पाहिला आणि त्या म्हणाल्या, ‘‘उजेड हाय न्हवं, पन ऊब कुठं हाय?’’ ‘‘आत्या, बल्ब लावलाय की,’’ एवढेच उत्तर त्यांना मिळाले. व्हिडिओतला बल्ब जुन्या पद्धतीचा, आत तापणाऱ्या तारेचा होता. पेटीतला बल्ब 9 वॅटचा एलईडी होता.

नव्याने पिल्ले आणणाऱ्या घरांत ही गफलत आता वरचेवर दिसते, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. पिल्लामागे दोन वॅट हा जो ढोबळ हिशेब माहितीपत्रकांत छापलेला असतो, तो तारेच्या बल्बचा आहे. त्या बल्बमध्ये विजेचा अगदी थोडा भाग उजेडाला लागतो आणि बाकी सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते; दिव्याच्या दृष्टीने तो दोष होता, पिल्लांच्या दृष्टीने तेच त्याचे काम होते. एलईडीने तो दोष काढला. 30 पिल्लांना किमान 60 वॅटचा तारेचा बल्ब हवा, पावसाळ्यात त्याहून अधिक, आणि त्या जागी 9 वॅटचा एलईडी लावला तर पेटी दिवसासारखी उजळते पण तळाची हवा घराच्या हवेहून जेमतेम कोमट होते. तारेचे बल्ब आता दुकानात सहज मिळत नाहीत, हेही खरे. बेळगावात कोंबडीखाद्य विकणाऱ्यांकडे ते अजून मिळतात, तसेच पिल्लांसाठीचे तांबडे उष्णतेचे दिवेही मिळतात. पिल्ले मागवण्याआधी ते घरात येऊन लावून पाहिलेले असावेत.

दुसऱ्या दिवशी पहाटे पेटीच्या एका कोपऱ्यात 4 पिल्ले मेलेली सापडली. त्यानंतरच्या पहाटे आणखी 5. मेलेली पिल्ले ढिगाच्या तळाशी, चपटी झालेली, अंगावरची लव ओलसर अशी होती. शेजारच्या काकूंनी पाहताच मानमोडीचे, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगाचे, निदान केले आणि सुनेचा नवरा धावत जाऊन दुकानातून प्रतिजैविकाची पूड घेऊन आला. ती पाण्यात कालवून पेटीत ठेवण्यात आली. आजारी जित्राबाला औषध द्यावे ही भावना चांगलीच आहे. पण जी पिल्ले मुळात पाणीच पीत नव्हती, त्यांच्या पोटात पाण्यातले औषध जाणार कसे, हा प्रश्न त्या गडबडीत कोणाला सुचला नाही.

काय दिसले

कोंबडीखाद्य आणि कोंबडीपालन यांच्याशी बरीच वर्षे संबंध असल्याने अशा घरांतून मला बोलावणे येते. या घरी गेलो तेव्हा पेटीजवळ पोचण्याआधी आवाज ऐकू आला, आणि निम्मे निदान त्या आवाजातच होते. सुखात असलेली पिल्ले अधूनमधून हलके, तुटक चिवचिवतात. थंडी वाजणारी पिल्ले मात्र उंच पट्टीत, न थांबता ओरडत राहतात. पेटीत सगळी पिल्ले एका कोपऱ्यात एकमेकांवर चढलेली होती. उष्णता जास्त झाली असती तर ती दिव्यापासून लांब, पंख पसरून, चोच उघडी टाकून धापा टाकत बसली असती. एकाच बाजूने झोत येत असता तर सगळी दुसऱ्या बाजूला सरकली असती. आणि सगळे ठीक असते तर ती पेटीभर विखुरलेली, काही खाणारी, काही पाणी पिणारी, काही पाय पसरून झोपलेली दिसली असती. पिल्लांची ही मांडणी वाचता आली, तर तापमापक नसला तरी एक वेळ चालते.

तापमापक होता. तो पेटीच्या तळाशी, पिल्लाच्या पाठीच्या उंचीला धरला तेव्हा पारा 24 अंश सेल्सियसवर होता. पहिल्या आठवड्यात तेथे 33 ते 35 अंश हवेत आणि त्यानंतर दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी ते कमी करत आणायचे असतात. प्रौढ कोंबडीच्या अंगाचे तापमान 41 अंशांच्या आसपास असते आणि तिच्या पोटाखाली पिल्लाला मिळते ती ऊब त्याच पट्टीतली असते, हे लक्षात घेतले म्हणजे 35 हा आकडा लाडाचा वाटत नाही. पिल्लाच्या अंगावर असते ती लव, पिसे नव्हेत. स्वतःच्या अंगाची उष्णता राखण्याची ताकद त्याला दोन आठवड्यांच्या सुमारास येऊ लागते आणि पिसे नीट भरायला त्याहून अधिक वेळ लागतो.

एक पिल्लू उचलून मी त्याचे पाय सासूबाईंच्या गालाला लावले. ‘‘बर्फ हाय की हे,’’ त्या म्हणाल्या. तळहाताला कामाने घट्टे पडलेले असतात, गालाला नसतात, म्हणून ही परीक्षा गालाने करायची. पाय गार लागले तर पिल्लाला थंडी बसलेली आहे. नंतर पिल्लाच्या गळ्याखाली, छातीच्या उजव्या बाजूला असलेली अन्नपिशवी बोटांनी चाचपली. खाल्ले-प्यायलेल्या पिल्लाची पिशवी भरलेली आणि मऊ लागते. दाणा खाऊन पाणी न मिळालेल्याची टणक लागते. येथे बहुतेकांची पिशवी रिकामी होती. थंडी बसलेले पिल्लू दाण्याकडे जात नाही, पाण्याकडे जात नाही, फक्त ऊब शोधते, आणि ऊब मिळते ती शेजारच्या पिल्लाखाली शिरून. त्यातून ढीग होतो आणि ढिगाच्या तळाची गुदमरून मरतात. चौकोनी पेटीचे चार कोपरे या कामी मदतच करतात.

काही पिल्लांच्या मागच्या बाजूला विष्ठा वाळून चिकटली होती आणि वाट बंद झाली होती. थंडी किंवा अति उष्णता यांच्या ताणाने पहिल्या आठवड्यात असे होते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ती भिजू देऊन हळूच पुसून काढायची असते. वाळलेली ओढली तर कातडी सोलून येते आणि त्या जखमेवर दुसरी पिल्ले चोची मारतात.

मेलेल्यांपैकी दोन पिल्ले त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेण्यात आली. डॉक्टर कन्नड बोलणारे, पण बेळगाव भागात नोकरी केलेल्या माणसासारखे कामापुरते मराठी सहज बोलणारे. त्यांनी पिल्ले उघडून दाखवली. पोटातली बलकाची पिशवी, जी तोवर बरीच आटून जायला हवी होती, ती अजून मोठी आणि पिवळीजर्द होती; अन्नपिशवी आणि आतडी रिकामी होती; मानमोडीत जठराच्या आतल्या बाजूला रक्ताचे ठिपके दिसतात, ते कोठेच नव्हते. ‘‘अक्का, रोग नाही बघा ह्यात. थंडी बसली आहे,’’ ते म्हणाले. प्रतिजैविक बंद करायला त्यांनी सांगितले. मला स्वतःला हे दवाखान्यापर्यंत जाणे या प्रकरणातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते, कारण त्यामुळे मानमोडीची भीती घरातून गेली आणि सगळ्यांचे लक्ष औषधाच्या पुडीवरून जमिनीकडे आणि दिव्याकडे आले.

जागा बदलली

पेटी काढून टाकली. सोप्याच्या आतल्या बाजूला, चुलीच्या भिंतीलगत, पुठ्ठ्याची दीड फूट उंच पट्टी गोल उभी करून सुमारे तीन फूट व्यासाचे कडे केले. गोलाला कोपरे नसतात, त्यामुळे ढीग होण्याला जागा राहत नाही. सारवलेल्या जमिनीवर आधी कोरडी गोणपाटे आणि त्यावर भाताच्या तुसाचा तीन इंचांचा थर घातला. खानापूर हा भाताचा तालुका, तूस गिरणीत हवे तेवढे मिळते. फक्त पावसाळ्यात ते आणल्यावर हातात दाबून पाहावे आणि बुरशीचा वास आला तर परत करावे. पहिले तीन-चार दिवस पिल्ले तूसच टिपून खातात, म्हणून वर पुन्हा एक गोणपाट पसरले. वर्तमानपत्राचा कागद मात्र टाळला. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय घसरून दोन बाजूंना फाकतात, आणि एका पिल्लाचे तसे झालेलेच होते. त्याच्या दोन्ही पायांना मऊ चिंधीची पट्टी, पायांत नैसर्गिक अंतर राहील अशी, सैल बांधली. तीन-चार दिवसांत ते सरळ चालू लागले. असे पिल्लू पहिल्या एक-दोन दिवसांत लक्षात आले तरच सुधारते.

दिवे दोन लावले, प्रत्येकी 60 वॅटचे, तारेचे, पत्र्याच्या टोपाखाली, तुसापासून सव्वा फुटावर. एकच 100 वॅटचा चालला असता. पण रात्री एखादा बल्ब गेला तर दुसरा उरावा म्हणून दोन. दोन्ही दिवे कड्याच्या एकाच बाजूला टांगले, म्हणजे दुसरी बाजू थोडी गार राहते आणि कोठे बसायचे हे पिल्लू स्वतः ठरवते. प्लॅस्टिकचा कागद काढला. त्याखाली पिल्लांच्या श्वासाची आणि विष्ठेची वाफ कोंडून थेंब पडत होते, अंगावरची लव ओली होण्याचे ते एक कारण होते. त्याऐवजी वरून मच्छरदाणीचे कापड ताणले, म्हणजे हवा खेळती राहिली आणि मांजराला वाट बंद झाली.

पावसाळ्यात या भागात वीज जाते ती कधी तासासाठी, कधी रात्रभर. सासूबाईंनी यावर मडक्याचा उपाय सांगितला : राखेने झाकलेले निखारे घालून मडके कड्याच्या मधोमध ठेवायचे आणि भोवती जाळी लावायची. उपाय जुना आणि चालणारा आहे, पण बंद सोप्यात निखाऱ्यांतून निघणारा विषारी वायू वास न येता पिल्लांचा आणि शेजारी झोपलेल्या माणसांचाही जीव घेऊ शकतो, म्हणून वरची झरोक्याची खिडकी उघडी ठेवल्याशिवाय तो करू नये असे ठरले. प्रत्यक्षात बहुतेक रात्री उकळत्या पाण्याने भरलेल्या आणि गोणपाटात गुंडाळलेल्या कळशीवर भागले. ती तीन-चार तास ऊब धरते, आणि नंतर पाणी बदलायला कोणाला तरी उठावे लागते, एवढाच तिचा तोटा.

पहिल्या दिवशी कोमट पाण्यात थोडा गूळ घालून दिला. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवली. एकाला पाणी सापडले की बाकीची बघून शिकतात, पण हे एक तरी शिकवावे लागते, कारण येथे आई नाही. पाण्याच्या उथळ थाळीत नदीतले गोटे टाकले, नाहीतर पिल्लू पाण्यात पडून भिजते आणि भिजले की गारठते. त्या संध्याकाळी कड्यातला आवाज उतरला. बेंबी नीट न भरलेले एक पिल्लू दोन दिवसांनी गेले. बाकीची 20 टिकली.

कणी आणि खाद्य

खाण्याच्या बाबतीत घरात मतभेद होता. सासूबाईंच्या मते पिल्लांना तांदळाची कणी पुरे. पिढ्यानपिढ्या तेच दिले होते. त्यांचे म्हणणे त्यांच्या अनुभवापुरते खरे होते, पण ती पिल्ले दिवसभर आईमागे फिरून वाळवी, किडे, गांडुळे खात होती आणि कणी हे फक्त पोट भरायचे साधन होते. कड्यात बंद असलेल्या पिल्लाला कणीतून प्रथिने मिळत नाहीत. त्याला सुमारे 20 टक्के प्रथिनांचे चिक स्टार्टर खाद्यच द्यावे लागते. पहिल्या आठवड्यात एक पिल्लू दिवसाला 10 ते 15 ग्रॅमच्या आसपास खाते, त्यामुळे 20 पिल्लांचा सुरुवातीचा खर्च भीती वाटते तेवढा नसतो. सुनेने दुकानातून आणलेली पहिली गोणी मात्र अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्याची निघाली. गोणीवरचा मजकूर कन्नड आणि इंग्रजीत होता आणि तिने फक्त कोंबडीचे चित्र पाहिले होते. अंड्याच्या कवचासाठी त्या खाद्यात चुनखडी भरपूर घातलेली असते आणि एवढा चुना पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. गोणी बदलून आणली. आठवडाभराने सासूबाईंच्या समाधानासाठी संध्याकाळी मूठभर कणी आणि बारीक खडे सुरू केले, त्याने नुकसान काही झाले नाही.

लसीचा प्रश्न वेगळाच निघाला. मॅरेक्स रोगाची लस उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी दिलेली होती. मानमोडीची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब आणि गंबोरोची लस चौदाव्या दिवसाच्या सुमारास द्यायची, हे डॉक्टरांनी लिहून दिले. पण या लसींच्या कुप्या शंभर किंवा त्याहून अधिक पिल्लांच्या असतात आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. 20 पिल्लांसाठी उरलेली ओतून देणे जिवावर येते, आणि बहुतेक घरे याच जागी लस टाळतात. सुनेने संघातल्या बायकांना विचारले, तेव्हा आसपासच्या वाड्यांवर चौघींकडे लहानमोठी पिल्ले असल्याचे कळले. खानापुरातून थर्मासमध्ये बर्फ घालून एक कुपी आणली आणि एकाच सकाळी घरोघर फिरून थेंब टाकले. मला या प्रकरणातली ही गोष्ट विशेष वाटते. दिव्याचे आणि तुसाचे शहाणपण कोठेही मिळेल, हे जुळवणे घरातल्या बाईनेच केले.

रक्ती हगवण

तीन आठवडे बरे गेले. एका रात्री घुशीने पुठ्ठ्याखालून उकरून एक पिल्लू नेले, तेव्हा कड्याबाहेर अर्ध्या इंचाच्या जाळीचा पट्टा जमिनीत पुरला आणि ते थांबले. चौथ्या आठवड्यात, पाऊस अखंड चालू असताना, तुसावर तांबूस विष्ठा दिसू लागली. तीन-चार पिल्ले पिसे फुगवून, पंख सोडून, डोळे मिटून एका जागी उभी राहत. दुसऱ्या दिवशी तांबूसपणाचे उघड रक्त झाले.

ही रक्ती हगवण. ती आतड्यात वाढणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीमुळे होते आणि तीन आठवड्यांनंतरच्या पिल्लांत विशेष दिसते. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात. कोरड्या तुसात ती तशीच राहतात, पण ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत रोग देण्याजोगी होतात. पाण्याच्या भांड्याभोवती हातभर रुंदीचे तूस काळे पडून गोळे झाले होते. पिल्ले वाढली, भांडे मात्र पहिल्या आठवड्याच्या उंचीवरच राहिले, त्यामुळे ती त्यात पाय घालत आणि पाणी सांडत. कड्याजवळ वाकले की नाकाला झोंबणारा उग्र वास येत होता, आणि तो वास हीच ओल्या तुसाची पहिली खूण असते. घरच्यांना त्याची सवय झाली होती.

या वेळी मात्र दुकानातून पूड आली नाही. मेलेले पिल्लू घेऊन सून थेट दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी आंधळ्या आतड्याच्या दोन्ही पिशव्या उघडून दाखवल्या, त्या रक्ताने भरलेल्या होत्या, आणि पाण्यातून द्यायचे अँप्रोलियम पाच दिवसांसाठी लिहून दिले. घरी शक्तीसाठी म्हणून बी-जीवनसत्त्वांचे टॉनिकही चालू होते. ते त्यांनी तेवढे दिवस बंद करायला सांगितले. हे औषध त्या परजीवीला थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, मिळू न देऊन काम करते, आणि आपण वरून तेच जीवनसत्त्व पाजत राहिलो तर औषधाचा जोर कमी होतो. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास द्यायची लासोटाची दुसरी मात्राही पिल्ले सावरेपर्यंत पुढे ढकलली, कारण आजारी पिल्लात लसीची प्रतिकारशक्ती नीट तयार होत नाही.

खरे काम तुसाचे होते. काळे पडलेले तूस सगळे काढून लांब खड्ड्यात टाकले, उरलेले उलथून त्यात विरलेला चुना मिसळला, चुलीजवळ सुकवलेले नवे तूस वर घातले. भांडे विटांवर चढवून पिल्लांच्या पाठीच्या उंचीला आणले, खाली जाळीची चौकट ठेवली, म्हणजे सांडलेले पाणी तुसात न जाता खालच्या परातीत जाऊ लागले. रोज सकाळी दाताळ्याने तूस हलवण्याचे काम घरातल्या मुलाकडे दिले. फिनेल किंवा तत्सम जंतुनाशक शिंपडण्याचा मोह अशा वेळी होतो, पण या परजीवीच्या अंड्यांवर नेहमीच्या जंतुनाशकांचा फारसा परिणाम होत नाही, कोरडेपणाचा होतो. दवाखान्यात नेलेले धरून या आजारात एकूण 2 पिल्ले गेली आणि 17 उरली.

सहा आठवड्यांची झाल्यावर पिल्ले बाहेर सोडता येतात, असे सर्वत्र लिहिलेले असते. येथे तोवर श्रावण सरत आला होता आणि परड्यात चिखल होता, म्हणून घरच्यांनी ती आठव्या आठवड्यापर्यंत आतच, कडे काढून सोप्याच्या जाळीबंद भागात ठेवली. तो निर्णय मला योग्य वाटला. आठवड्यांचा हिशेब पिसांवर आणि आकाशावर लावायचा असतो. दरम्यान लासोटाची राहिलेली मात्रा पाण्यातून दिली : विहिरीचे पाणी, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीनने लस मरते, लिटरला 5 ग्रॅम दुधाची पूड आणि त्याआधी दोन तास पिल्लांना तहानलेले ठेवणे. कोंबड्यांच्या देवीची लस आणि आठव्या आठवड्याची मानमोडीची टोचायची लस संघातल्या त्याच घरांनी पुन्हा एकत्र आणली.

17 पैकी 9 कोंबडे निघाले. त्यातले बहुतेक पुढे गावातच विकले गेले आणि कर्जाचा मोठा भाग त्यातून फिटला. 8 कोंबड्या ठेवल्या. मेलेल्या 13 पिल्लांपैकी 9 पहिल्या दोन रात्रींत गेली होती, आणि ती रोगाने गेली नव्हती. सुनेने दुसऱ्या खेपेची मागणी आता दिवाळीनंतरची नोंदवली आहे. तोवर सासूबाई एखादी गावठी कोंबडी खुडूक बसते का पाहणार आहेत. तशी मिळाली तर नव्या पिल्लांतली दहा-बारा रात्रीच्या अंधारात तिच्या पोटाखाली सरकवायची आणि बाकीची दिव्याखाली ठेवायची, असे दोघींचे ठरले आहे. उजेडात ठेवलेली परकी पिल्ले कोंबडी चोच मारून हाकलते, अंधारात ठेवलेली सकाळी आपली म्हणून घेते. आणि कोंबडीखाली ठेवायची पिल्ले निवडताना सर्वांत लहान अंगाची निवडावीत, कारण मोठी पिल्ले दिव्याखालीही तगतात.